प्लॅन वाढवून उपयोग नाही, आधी राउटरला पिंग करा

पीसीवरचा गेम वायफायवरून टीव्हीवर खेळताना अडखळतो म्हणून तुम्ही नेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा केलात, तरी तो मधेच अडखळतोच म्हणता, यात नवल नाही. घरातल्या पीसीवरचा गेम टीव्हीवर खेळायला बाहेरचं नेट लागतंच कुठे?

आमचं बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर, भिंती हातभर जाड. रात्री नेमकं वळणावर चित्र गोठायचं. शेवटी लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लावून बसलो, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघत: ३, ४, ३, आणि एकदम २१०! तेवढ्यात आतून आईची हाक, "दूध गरम झालंय रे!" तेव्हा ट्यूब पेटली. वायफायचा एक बँड (लहरींचा पट्टा) २.४ गिगाहर्ट्झचा; मायक्रोवेव्हही त्याच्याच आसपास चालतो, आणि टीव्ही त्याच बँडवर होता. सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशेबात एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे डझनभर फ्रेम गेल्याच की.

वायफायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा बँड भिंतीपलीकडे टिकेना, म्हणून राउटर बैठकीत आणला आणि पीसीला केबल ओढली. आता टीव्हीपुरताच टप्पा हवेतून.

तुम्ही गेम वायफायवरच्या लॅपटॉपवरून चालवत असाल आणि अडखळणं घड्याळ लावल्यासारखं ठरावीक अंतरानं होत असेल, तर मात्र त्या लॅपटॉपवर संशय घ्या. त्याचं वायफाय मागच्या मागे आसपासची नेटवर्कं शोधत असतं. लॅपटॉपचं लोकेशन बंद करून बघा आणि पिंगचे आकडे इथे टाका.