मदत हवी आहे: कॅन बसवर पाठवताना 'नो बफर स्पेस अव्हेलेबल'

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. पीथमपूरला एका इलेक्ट्रिक लोडर रिक्षावर कंट्रोल बोर्ड बसवतोय. गाडीतले कंट्रोलर कॅन बस या दोन तारांच्या लाइनवर एकमेकांशी बोलतात. बोर्डवर लिनक्स, एसपीआयवर (चिप जोडायची सिरीयल लाइन) एमसीपी२५१५ ही कॅन चिप, सॉकेटकॅन (लिनक्समधली कॅनची सोय), वेग ५०० केबीपीएस.

टेबलावर सगळं सुरळीत चालतं. गाडीत मात्र मधूनच राइट कॉलला वरची एरर येते. त्या वेळी आयपी लिंक कमांडमध्ये एरर-पॅसिव्ह (चुका वाढल्याची स्थिती) दिसतं, टीएक्स म्हणजे पाठवण्यातल्या चुकांचा काउंटर १२८ वर थांबलेला. बस-ऑफ (चिप बसवरून बाजूला होणं) होतच नाही, त्यामुळे रीस्टार्ट-एमएसचा (बस-ऑफनंतर आपोआप सुरू करणाऱ्या सेटिंगचा) उपयोग नाही. गाडी बंद करून मोजलं तर बसवर बरोबर ६० ओहम येतात, म्हणजे टर्मिनेशन (बसच्या टोकांचे रोधक) ठीक आहे. मला वाटतं मोटर कंट्रोलर झोपतो, अ‍ॅक (मेसेजची पोच) द्यायला कुणी उरत नाही आणि चिप तोच मेसेज पुन्हापुन्हा पाठवत बसते.

बरेच जण इंटरफेसची पाठवायच्या मेसेजची रांग १० वरून १००० करा म्हणतात. करून पाहिलं. एरर उशिरा येते एवढंच, आणि कंट्रोलर जागा झाला की साचलेल्या शिळ्या टॉर्क कमांड धडाधड जातात. माणूस बसलेल्या गाडीत हे चालणारच नाही. पोल (लिहायला जागा आहे का ते सांगणारा कॉल) वापरूनही भागत नाही, तो सॉकेटचा बफर बघतो, खालची रांग नाही.

वन-शॉट मोडमध्ये (प्रत्येक मेसेज एकदाच पाठवायचा) आर्बिट्रेशन (बसवर आधी कुणी पाठवायचं ही चढाओढ) हरलेला मेसेजही गळतो, म्हणून तो नको.

तर इंटरफेस खाली-वर न करता रांगेतले आणि चिपमध्ये अडकलेले जुने मेसेज कसे टाकून द्यायचे? ड्रायव्हरमध्ये हात घालावा लागला तरी चालेल. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.