मदत हवी आहे: युरेनियम लीचिंगचा कॉलम चोक होतोय

मृण्मयी_भू: जमिनीखालच्या लीचिंगची (खडकात द्रावण सोडून युरेनियम विरघळवून काढण्याची) नक्कल करायला काचेच्या कॉलममध्ये वाळूखडकाचा चुरा भरलाय. द्रावण आधी नीट वाहतं, मग धार बारीक होत थेंबावर येते. पंपाचा दाब वाढवला की सांधा गळतो. गाईडना या आठवड्यात आकडे हवेत. लवकर सांगा!

खडकवेडा: द्रावण कसलं? नमुना कुठला? वरून सोडताय की खालून? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मृण्मयी_भू: सौम्य गंधकाम्ल, कझाकस्तानात वापरतात तेच. नमुना अमेरिकेतल्या वायोमिंगचा. वरून सोडते.

जुना_लॅबवाला: वरून मुळीच नको. आधी कोरड्या कॉलममधून कार्बन डायऑक्साइड फिरवून हवा हाकला, मग उकळून गार केलेलं पाणी खालून सावकाश चढवा. अडकलेली हवा हेच दुखणं. आम्ही कायम असंच भरायचो.

खडकवेडा: हवा असती तर पहिल्यापासून अडलं असतं. इथे नंतर अडतंय, म्हणजे आत काहीतरी तयार होतंय. कॅल्साइट (चुन्याचं खनिज) किती?

जुना_लॅबवाला: तरी भरणी आधी तपासा. मी अशा भानगडी खूप निस्तरल्यात.

द्राक्षबाग_निफाड: ताई, आमचे ड्रिपर चोक झाले की आम्ल सोडून लाईन धुतो. आम्ल वाढवून बघा.

खडकवेडा: दादा, ड्रिपमधला क्षार विरघळून लाईनबाहेर जातो. इथे गंधकाम्ल चुन्याला भिडून जिप्सम, म्हणजे फारसं न विरघळणारं खनिज, बनतं आणि वाळूच्या फटीत बसतं. वाढवलं तर आणखी बसेल.

मृण्मयी_भू: कॅल्साइट ३ टक्के. बाहेरच्या नळीत बुडबुडेही येतात. पण त्याचा काय संबंध?

खडकवेडा: तोच तर संबंध! चुना २ टक्क्यांच्या वर गेला की आम्ल त्यातच खर्ची पडतं. वायोमिंगच्या खाणींत म्हणूनच बायकार्बोनेट आणि ऑक्सिजन वापरतात. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. जमिनीखाली पाण्याच्या दाबामुळे तो बराचसा विरघळलेला राहतो, उघड्या कॉलममध्ये सुटून छिद्रं अडवतो. बाहेरच्या तोंडाला बॅक-प्रेशर व्हॉल्व्ह (आत दाब टिकवणारी झडप) लावा, नाहीतर ही खाणीची नक्कलच नव्हे.

नदीकाठ: आणि भूजलाचं काय? चेक देशात स्ट्राझला सुमारे ४० लाख टन गंधकाम्ल जमिनीत सोडलं. १९९६ मध्ये खाणकाम थांबलं, सफाई अजून चालू आहे. मेघालयात डोमियासियाटला लोकांनी युरेनियमच्या खाणीला विरोध केला तो उगाच नाही.

जुना_लॅबवाला: तिथे ओपनकास्टचा (उघड्या खाणीचा) प्रस्ताव होता, लीचिंगचा नाही. वेगळा धागा काढा.

मृण्मयी_भू: प्लीज, माझं आधी! व्हॉल्व्ह काचेच्या कॉलमला चालेल का?

खडकवेडा: साध्या काचेला नको, तडकेल. आम्ल सोडून बायकार्बोनेट वापरा आणि त्याला स्टेनलेस स्टीलचा कॉलम घ्या. चुराही नवा भरा, आत्ताच्यात जिप्सम बसलंय.