शब्दचर्चा : लय, ताल, ठेका आणि मात्रा

प्रश्न : 'लयीत चुकला' आणि 'तालात चुकला' हे दोन्ही प्रयोग ऐकू येतात. अर्थ एकच का? आणि 'ठेका' म्हणजे तालच ना?

उत्तर : चुका दोन वेगळ्या आहेत. लय म्हणजे वेग, मात्रा म्हणजे तो मोजायचा एकेक ठोका. मिनिटाला ६० मात्रांनी सुरुवात केली आणि चार आवर्तनांत (तालाच्या पूर्ण फेऱ्यांत) ७० वर पोचलात, तर लय चढली. पण तीनतालाच्या सोळाच्या सोळा मात्रा भरल्या असतील तर ताल शाबूत आहे. उलट वेग स्थिर ठेवून एक मात्रा गाळली, तर लय पक्की असूनही सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एक मात्रा आधी येते. हा तालाचा दोष.

उपायही त्यानुसार. लय चढत असेल तर मेट्रोनोम (ठरल्या वेगाने ठोके देणारं यंत्र) लावा, पण ठोका दर चौथ्या मात्रेलाच येऊ द्या. प्रत्येक मात्रेला ठोका असला की आपण त्याच्या मागे जातो, अंतर स्वतः धरत नाही. ताल निसटत असेल तर मेट्रोनोमचा उपयोग नाही. हातावर टाळी-खाली (टाळीला टाळी वाजवून, खालीला ती न वाजवता) दाखवत बोल, म्हणजे 'धा', 'तिं' अशी तबल्याची अक्षरं, म्हणा : तीनतालात टाळी १, ५, १३ वर, खाली ९ वर.

ठेक्याबद्दल : ताल हा मात्रा, विभाग, टाळी, खाली यांचा आराखडा, ठेका म्हणजे तो ऐकवणारे ठरलेले बोल. एकताल आणि चौताल पाहा : दोन्हींत १२ मात्रा, दोन-दोनचे सहा विभाग, टाळ्या १, ५, ९, ११ वर. कागदावर फरक दिसत नाही. एक तबल्याचा, दुसरा पखवाजाचा. ओळख पटते ती बोलांवरून. तीनतालाच्या ठेक्यात नवव्या मात्रेनंतर 'तिं तिं ता' येतं, डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याची) घुमारी थांबते, म्हणून डोळे मिटूनही खाली कळते. रूपक ताल मात्र सगळ्यांना चकवतो : ७ मात्रा, ३-२-२, आणि सम खालीवरच. पहिल्या 'तिं'वर सम न धरता चौथ्या मात्रेच्या 'धी'वर धरली जाते, ही नेहमीची चूक.

व्याकरणाची जोड : संगीतातली लय स्त्रीलिंगी, म्हणून 'लयीत', 'लयीला'. 'लयाला जाणे' यातला लय पुल्लिंगी, अर्थ नाश. 'गाणं लयात आहे' असं लिहू नये.

आणखी एक प्रश्न : कवितेतली मात्रा आणि तबल्याची मात्रा एकच का?

उत्तर : नाही. कवितेत लघू १, गुरू २, असं अक्षराचं मोजमाप. संगीतात मात्रा म्हणजे काळाचा एक समान तुकडा. भुजंगप्रयात वृत्तात ओळीला चार गण (तीन-तीन अक्षरांचे गट), प्रत्येक गण लघू-गुरू-गुरू, म्हणजे ५ मात्रा, ओळीला २०. गाताना गणातलं शेवटचं अक्षर तीन मात्रा ओढलं की गण सहाचा होतो आणि ओळ सहा मात्रांच्या दादरा तालात बसते. वृत्त तेच, ताल चालीने ठरवला.

'दुगुण' विषयी : 'दुगुण घेतली म्हणजे लय दुप्पट झाली' हे विधान चूक. मूळ लय तिथेच असते, एका मात्रेत दोन बोल येतात. आडी या प्रकारात दोन मात्रांत तीन बोल. खरी परीक्षा बराबरीत (मात्रेला एक बोल) परतताना : बरेच जण मधल्याच कुठल्यातरी वेगावर उतरतात. दुगुण चालू असताना टाळीचा हात जराही हलका-जलद होऊ देऊ नका.

तिहाईचा (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा) हिशेब : इथे 'आवर्तन १६चं' हे वाक्य घात करतं. समेपासून सुरू होऊन पुढच्या समेवर संपणारी तिहाई १७ मात्रांची, कारण दोन्ही समा मोजायच्या. ५ मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम (विराम) दोनदा : १५ + २ = १७. खालीपासून (नवव्या मात्रेपासून) उचलली तर ९ मात्रा, म्हणजे तीनचा तुकडा तीनदा, मध्ये दम न घेता (बेदम). ८ धरून बांधलेली तिहाई सोळाव्या मात्रेपर्यंतच पोचते आणि शेवटचा 'धा' समेच्या आधी पडतो.