मदत हवी आहे: केसी मार्टिनवरच्या लेखात ‘3-2’ आणि ‘3 अँड 2’ मराठीत कसं वेगळं करायचं?

मंडळी, अमेरिकन गोल्फपटू केसी मार्टिनच्या कारकिर्दीवर लेख लिहायला घेतलाय. जन्मापासून उजव्या पायातला रक्तप्रवाह सदोष होता, त्यामुळे हाड ठिसूळ होतं. 18 होल चालणं म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण होतं. पीजीए टूरने (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणारी संस्था) त्याला चालण्याऐवजी गोल्फ कार्ट (मैदानावरची छोटी गाडी) वापरायला नकार दिला, पण 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7-2 असा त्याच्या बाजूने निकाल दिला. लोक त्याला या खटल्यापुरतंच ओळखतात, याचं वाईट वाटतं. 2006 पासून ऑरेगॉन विद्यापीठाच्या गोल्फ संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने केलेलं काम तितकंच मोलाचं आहे.

अडतंय ते ऑरेगॉनच्या 2016 च्या एनसीएए (अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडा संघटना) विजेतेपदापाशी. आधी स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटक्यांची मोजणी: संघातले पाच जण खेळतात, चांगले चार स्कोअर धरतात. वरचे आठ संघ मॅच प्लेमध्ये जातात, म्हणजे दोघांची लढत, जो जास्त होल जिंकेल तो विजयी, आणि तिथे एकूण फटके मोजतच नाहीत. एका होलवर 9 फटके लागले तरी नुकसान त्या एकाच होलचं. ऑरेगॉनने टेक्सासला 3-2 हरवलं, म्हणजे पाचपैकी तीन लढती. निर्णायक लढत सुलमान रझाने 21व्या होलवर, म्हणजे तिसऱ्या जादा होलवर जिंकली. पण एका लढतीचा निकाल ‘3 अँड 2’ असेल, तर अर्थ तीन होलांची आघाडी आणि खेळायचे दोनच शिल्लक. छापील मजकुरात दोन्ही सारखेच दिसतात.

‘तीन होलांनी, दोन राखून’ हे क्रिकेटच्या वाचकाला पटकन कळेल का? की ‘राखून’मुळे विकेट आठवतील? संघाच्या निकालासाठी टेनिसमधल्या डेव्हिस कपचा दाखला पुरेल ना? क्रीडापानावर काम केलेल्यांनी कृपया नेमका शब्दप्रयोग सुचवा.