जावाचे सिलिंडर: नवे ओतून घ्यावे की स्लीव्ह घालावी?

प्रश्न (राजारामपुरी)
वडिलांनी वापरलेली १९६८ सालची जावा २५० मोटारसायकल मी पुन्हा रस्त्यावर आणत आहे. सिलिंडर इतक्या वेळा बोअर (आतून कापून मोठे) झाले आहे की त्यापुढच्या मापाचा पिस्टन मिळत नाही, आणि बाजारातून आणलेल्या नव्या सिलिंडरचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या) केसिंगशी, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाशी, जुळत नाहीत. कोल्हापुरात एवढ्या फौंड्री असताना जुन्यावरून नवेच ओतून घ्यावे का?

उत्तर (लेथकाम, शिवाजी उद्यमनगर)
दादा, एका नगासाठी ते करू नका. जुना भागच वाळूत दाबून साचा घेतला, तर ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते आणि भाग लहान निघतो; म्हणून वाढीव मापाचे पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करावे लागते, शिवाय आतल्या वाटांसाठी वेगळे कोअर (पोकळी राखणारे वाळूचे गाभे). त्यापेक्षा जुने सिलिंडर मोठे बोअर करून त्यात ओतीव लोखंडाची स्लीव्ह (नळीसारखे अस्तर) दाबून बसवावी आणि मूळ ६५ मिमी मापावर आणावे, म्हणजे स्टँडर्ड पिस्टन चालेल. मात्र काम सुरू होण्यापूर्वी आत कागद लावून पेन्सिलीने घासून पोर्टचा ठसा घ्यावा. या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, पोर्टची उंची हेच त्याचे टायमिंग (वायू केव्हा आत-बाहेर जाणार ती वेळ) असते, आणि स्लीव्हमध्ये खिडक्या कापताना तीच हरवते. कापलेल्या कडा गोलसर केल्याच पाहिजेत, नाहीतर रिंग अडकून तुटते. हे काम घाईत उरकणाऱ्याकडे सिलिंडर देऊ नये.

उत्तर (कसबा बावडा)
क्रँकचे ऑइल सीलही याच वेळी बदलावेत. सीलमधून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल-ऑइल कमी पडते), आणि नव्या बोअरमध्ये पिस्टन जाम होतो.

उत्तर (शाहूपुरी)
स्लीव्हचा आणखी एक लाभ म्हणजे मूळ सिलिंडर गाडीवरच राहते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. परंतु ती गाडी नंतर प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच चालवता येते. वडिलांप्रमाणे रोज वापरायची असेल, तर हा विचार आधी करावा.

प्रश्नकर्ता
आपले मनापासून आभार. ठसा आजच घेतो. पोर्टची उंची कोठून मोजावी?

उत्तर (लेथकाम, शिवाजी उद्यमनगर)
हेड बसते त्या वरच्या सपाट कडेपासून, गॅस्केट पूर्ण काढून. बोअर करताना ती कड घासू देऊ नका.