क्लासिक ठरवायचा तर अल्बम सलग ऐका

‘ज्यात हिट गाणी जास्त, तो अल्बम क्लासिक’ हे मत पटत नाही. अमेरिकन रॅपर नासचा १९९४चा ‘इल्मॅटिक’ घ्या: १० ट्रॅक, सगळे मिळून सुमारे ४० मिनिटं, पाहुण्या रॅपरचा व्हर्स (गाण्यातलं रॅपचं कडवं) फक्त एक, एझीचा. बीट्स (रॅपमागचं संगीत) डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप अशा वेगवेगळ्या हातांचे, तरी क्वीन्सब्रिजच्या, म्हणजे नासच्या न्यूयॉर्कमधल्या वस्तीच्या, बाहेर एकही गाणं जात नाही. ही एकसंधता फार दुर्मिळ!

बहुतेक अल्बम मध्यावर ढेपाळतात. २० ट्रॅक, दर गाण्यात नवा पाहुणा, आणि दुसऱ्यांदा ऐकताना पुढे ढकलावीशी वाटणारी स्किट्स (गाण्यांमधले छोटे संवाद). बीटमध्येही तेच. ४ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, १६ बारच्या व्हर्सभर जसाच्या तसा फिरला की कान थकतो. आठव्या बारला ड्रम्स क्षणभर काढले तरी पुढची ओळ उठून येते. किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस दोन्ही ६० ते १०० हर्ट्झमध्ये, म्हणजे खालच्या सुरांत, एकमेकांवर चढले, तर दोन्ही वेगळे ऐकू येत नाहीत.

शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं) बंद करून अल्बम दोनदा ऐका. मग कुठलेही दोन ट्रॅक काढून टाका. काहीच बिघडलं नाही, तर तो चांगल्या गाण्यांचा संग्रह आहे, क्लासिक नाही.