बॅश (लिनक्सवर कमांड चालवणारा शेल): अप ॲरोला याच पेनची (टर्मिनलच्या भागाची) हिस्टरी, शोधताना सगळ्या पेनची. जमेल का?

टीमक्समध्ये (एका टर्मिनलचे अनेक भाग करणारा प्रोग्रॅम) एका वेळी बरेच पेन उघडे असतात, प्रत्येकात वेगळा शेल. शेवटी बंद होणारा शेल आधीच्यांची हिस्टरी पुसून टाकायचा, म्हणून हिस्टअपेंड (हिस्टरी फाइल न पुसता तिच्यात भर घालणारी सेटिंग) चालू केलं. मग प्रॉम्प्ट कमांडमध्ये (प्रत्येक प्रॉम्प्टआधी आपोआप चालते ती) हिस्टरी 'मायनस ए' (नव्या कमांड फाइलमध्ये लिहिणं) आणि 'मायनस एन' (फाइलमधल्या नव्या कमांड वाचणं) टाकलं. आता हरवत काहीच नाही, पण अप ॲरो दाबला की शेजारच्या पेनमधली कमांड येते. लॉग बघत असताना अचानक 'आरएम मायनस आरएफ' (न विचारता फाइल्स उडवणारी कमांड) समोर येणं मला खरंच धोक्याचं वाटतं. नुसतं 'मायनस ए' ठेवलं, तर कंट्रोल-आरला (हिस्टरीत शोधायची की) दुसऱ्या पेनमधलं सापडत नाही.

सर्व्हरवर बॅश 4.2 आहे. झेडशेल (दुसरा शेल), एफझेडएफ (शोधायचं टूल) वगैरे टाकायची परवानगी नाही. अप ॲरो त्या पेनपुरता आणि शोध सगळ्या पेनमध्ये, हे फक्त बॅशआरसीतून (बॅशच्या सेटिंगच्या फाइलमधून) कसं करायचं?